जुना संगणक, मराठी फाइल

नागपूरच्या घरातल्या जुन्या संगणकावर कोणते ऑफिस टाकावे, हा प्रश्न सुरू होतो रॅमपासून. पण तो खरा अडतो मराठीपाशी, आणि त्याची मुळे टाइपरायटरच्या काळात आहेत.

मध्यप्रांत व वऱ्हाडच्या १९५० च्या राजभाषा कायद्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राज्यकारभारात स्थान दिले. राजधानी होती नागपूर. १९५६ मध्ये राजधानीपण गेले, तरी १९६० नंतर विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आले, उच्च न्यायालयाचे खंडपीठही राहिले. देवनागरी टायपिंग येणाऱ्याला इथे काम होते. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये बोटांना वळण लागले ते रेमिंग्टनच्या बटनांचे: आधी अर्धे अक्षर, मग काना, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार नंतर.

संगणक आले तेव्हा फॉन्ट बनवणाऱ्यांनी हे वळण जपले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, कृतीदेव, आकृती यांमुळे जुन्या टंकलेखकांना नव्याने शिकावे लागले नाही. हा त्यांचा मोठा उपकार. मात्र फाइलच्या पोटात मराठी नव्हतीच. कृतीदेवमध्ये ‘नागपूर’ टाइप केले की साठवली जात ती यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे ही इंग्रजी अक्षरे. शेजारच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की अर्जाची अगम्य इंग्रजी होई.

प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे ठरावीक संकेत देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. विंडोज २००० आणि एक्सपीबरोबर युनिकोडचा मंगल फॉन्ट आला. तरी एक्सपीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’चा चौकोनात खूण करून मूळ सीडी घालावी लागे. नागपूरच्या बर्डी बाजारातून जुळवून आणलेल्या किती संगणकांसोबत ती सीडी घरी आली असेल? एवढ्याशा अडचणीने अनेकांना जुन्या फॉन्टशी बांधून ठेवले.

मग ऑफिस २००७ आले आणि त्याचा डॉक्स हा नवा फाइल-प्रकारही. ऑफिस २००३ ला ती फाइल उघडता येईना. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने मोफत कम्पॅटिबिलिटी पॅक दिला. २५६ एमबी रॅमच्या यंत्रावर ऑफिस २००७ कागदोपत्री चालत असे. तेवढीच रॅम ओपनऑफिसला आणि २०१० मध्ये त्यातून फुटून निघालेल्या लिबरऑफिसलाही पुरे. पैसे न मोजता डॉक्स उघडते, युनिकोड मराठी दिसते, म्हणून घरच्या यंत्राला लिबरऑफिस हीच शहाणी निवड होती. त्याची ५.४ ही एक्सपीवर चालणारी शेवटची मालिका. २०१८ च्या ६.० ला किमान विंडोज ७ लागले. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार मात्र ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता. अशा यंत्रावर लिहावे जरूर, पण त्याला इंटरनेट जोडू नये.

फॉन्टची गाठ मात्र कोणतेच ऑफिस सोडवत नाही. कृतीदेवची फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली तरी फॉन्ट हवाच; नाहीतर आधी ती युनिकोडमध्ये बदलावी लागते. युनिकोडमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात: ऱ्हस्व वेलांटीही अक्षरानंतर, रफार आधी. जुन्या फॉन्टचा क्रम नेमका उलटा. त्यामुळे बदल करणारे साधन ‘विदर्भ’सारख्या शब्दात दोन ठिकाणी अडखळू शकते, आणि वकिलाचा जुना मसुदा असो वा घरचा वाटणीपत्राचा कागद, वेलांटी व रफार असलेले शब्द माणसाला ओळीने वाचून तपासावे लागतात.