दाभोळ ते सहार : हजच्या वाटेची तयारी

प्रवासाची तयारी हा विषय इतिहासाच्या लेखाला किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्या समाजात परदेशप्रवासाचा सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा प्रसंग म्हणजे हज, आणि हजच्या तयारीला आपल्याकडे काही शतकांचा इतिहास आहे. घरातले कोणी हजला निघाले की काय करायचे हे आपल्याला वेगळे शिकवावे लागत नाही. कर्ज फेडायचे, कोणाची अमानत असेल तर परत द्यायची, मागे राहणाऱ्यांच्या खर्चाची सोय लावायची, नात्यागोत्यात जाऊन कहासुना माफ करून घ्यायचे. ही तयारी हाजी स्वतः करतो. पासपोर्ट, लस, तिकीट, राहण्याची जागा ही दुसरी तयारी मात्र आपण सहसा मुलावर, शेजाऱ्यावर किंवा एजंटवर सोपवतो. पहिली दीनची आणि दुसरी दुनियेची, अशी वाटणी आपण मनाशी करून ठेवलेली आहे. या वाटणीला ना धर्मात आधार सापडतो, ना इतिहासात, असे आम्हाला वाटते.

धर्माचे पाहिले तर ऐपत असेल त्याच्यावरच हज फर्ज आहे, आणि फुकहांनी या ऐपतीत पैसा व प्रकृती यांच्याबरोबर वाटेची सुरक्षितताही मोजली आहे. सूरह बकरामध्ये हजच्या संदर्भात सोबत तोशा घेण्याची आज्ञा आहे आणि तकवा हा सर्वांत उत्तम तोशा असल्याचेही तेथेच सांगितले आहे. येमेनकडचे काही लोक रिकाम्या हाताने निघत, आमचा भरवसा अल्लाहवर आहे असे म्हणत आणि मक्केत पोहोचल्यावर लोकांपुढे हात पसरत. त्यांच्या संदर्भात ही आयत उतरल्याची रिवायत आहे. म्हणजे तयारी न करण्याला तवक्कुल म्हणण्याची सवय जुनी आहे आणि तिला दिलेले उत्तरही तितकेच जुने आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहू. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ हे आदिलशाहीचे नामांकित बंदर. तेथील खाडीच्या काठावर एक सुंदर शाही मशीद उभी आहे. तिच्याविषयी कोकणात एक आख्यायिका सांगतात. विजापूरची एक शहजादी मोठा लवाजमा आणि भरपूर संपत्ती घेऊन हजला जाण्यासाठी दाभोळला आली. परंतु समुद्रात चाच्यांचा सुळसुळाट होता, पुढे जाणे शक्य झाले नाही. तेव्हा मौलवींच्या सल्ल्याने तिने आणलेला पैसा या मशिदीवर खर्च केला. आख्यायिका म्हणून ती जितकी खरी मानायची तितकी मानावी, पण तीत सांगितलेली भीती खरी होती. १६९५ मध्ये हजहून परतणारे औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले. जहाजावरील हाजींचे, त्यातही स्त्रियांचे जे हाल झाले त्याने सारा मुलूख हादरला.

चाच्यांच्याही आधी पोर्तुगीज होते. सोळाव्या शतकात अरबी समुद्रात जहाज हाकायचे तर त्यांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घ्यावा लागे. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली तेव्हा या परवान्याच्या वाटाघाटींमुळे तिला सुरतेत बराच काळ खोळंबून राहावे लागले. शेवटी १५७६ मध्ये तिचे जहाज निघाले. त्या काळातील काही उलेमांनी तर असे मत दिले होते, की समुद्राची वाट पोर्तुगिजांच्या परवान्याखाली आणि खुष्कीची वाट इराणच्या सफवींच्या मुलखातून जाते, तेव्हा हिंदुस्थानातील मुसलमानांवर हज फर्ज राहत नाही. हे मत बहुतेकांनी मानले नाही, लोक जातच राहिले. परंतु बादशहाच्या घरातील स्त्रीचाही प्रवास एका कागदावाचून अडतो, हे तेव्हाच कळून चुकले होते.

आगबोटी आल्या, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि सुरतेचे महत्त्व मुंबईकडे आले. बंगाल, पंजाब, दख्खन, अगदी मध्य आशियातूनही हाजी मुंबईत गोळा होऊ लागले. त्यांत खाऊनपिऊन सुखी असणारे थोडे आणि आयुष्यभराची पुंजी कमरेला बांधून आलेले फार. त्यांची पहिली गाठ पडे ती दलालाशी. जहाज उद्याच सुटणार म्हणून पैसे घ्यायचे आणि आठवडेच्या आठवडे मुंबईत ताटकळत ठेवायचे, एका जहाजाचे तिकीट दाखवून दुसऱ्यावर चढवायचे, डेकवर जागेपेक्षा जास्त माणसे कोंबायची, असे प्रकार चालत. जहाजावर पाणी आणि जळण कंपनीने द्यायचे, शिधा हाजीने स्वतःचा न्यायचा, अशी रीत होती. हवामान बिघडले किंवा बोट रेंगाळली की शिधा संपे.

या काळातील जवळजवळ प्रत्येक नियमामागे एखादी आपत्ती आहे. १८६५ मध्ये मक्केत कॉलऱ्याची भयंकर साथ आली आणि ती हाजींबरोबर इजिप्त व युरोपपर्यंत पोहोचली. पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. त्यानंतर तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर तुर्की सरकारने क्वारंटाइनचे ठाणे उभारले, आणि मुंबईहून जाणाऱ्या कित्येक पिढ्यांनी त्या उजाड बेटावर दिवस काढले. १८८० च्या ऑगस्टमध्ये सिंगापूर-पेनांगकडून जवळजवळ साडेनऊशे हाजी घेऊन निघालेले ‘जेद्दाह’ नावाचे जहाज वादळात सापडले. कप्तान आणि त्याचे गोरे अधिकारी उतारूंना तसेच टाकून होडीतून निसटले आणि जहाज बुडाल्याची खबर त्यांनी एडनला दिली. दुसऱ्याच दिवशी ते ‘बुडालेले’ जहाज दुसऱ्या बोटीने ओढत एडनला आणले, हाजी जिवंत होते! जोसेफ कॉनरॅडच्या ‘लॉर्ड जिम’ या कादंबरीला ही घटना आधारभूत आहे. कादंबरी कप्तानाच्या सहकाऱ्याच्या मनाचा शोध घेते. त्या साडेनऊशे माणसांची नावे जगाच्या स्मरणात राहिली नाहीत.

१८८० च्या दशकात मुंबईत हाजींच्या संरक्षणासाठी कायदा आणि एक स्वतंत्र अधिकारी, ‘प्रोटेक्टर ऑफ पिलग्रिम्स’, अशी व्यवस्था झाली. हाजींसाठी विनामूल्य पासपोर्ट निघू लागले. १८८६ मध्ये सरकारने हाजींच्या वाहतुकीचे काम थॉमस कुक या प्रसिद्ध इंग्रज कंपनीकडे दिले. दलालांची साखळी मात्र तिलाही तोडता आली नाही आणि १८९३ मध्ये ती व्यवस्था संपली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा १८९७ साली सरकारने हजची वाहतूकच थांबवली. २०२० व २०२१ या दोन वर्षी कोविडमुळे परदेशी हाजींना जाता आले नाही, तेव्हा असे प्रथमच घडते आहे असे आपल्यापैकी अनेकांना वाटले होते.

परतीच्या तिकिटाचा वाद तर मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. जाण्यापुरते पैसे जमवून गेलेले शेकडो गरीब हाजी जेद्दाहच्या किनाऱ्यावर अडकून पडत. परतीचे तिकीट सक्तीचे करावे असे सरकारच्या मनात अनेकदा आले. पण गरिबांची हज बंद होईल आणि हा धर्मात हस्तक्षेप ठरेल, असा विरोध झाला. विरोध अगदीच निराधार नव्हता. परक्या सरकारच्या हेतूविषयी शंका असणे साहजिक होते. अखेर १९२५ मध्ये परतीचे तिकीट किंवा तेवढी अनामत रक्कम बंधनकारक झाली. आज परतीच्या तिकिटाशिवाय हजला निघण्याची कल्पनाही आपण करत नाही.

१९३२ च्या कायद्याने बंदरांवर हज कमिट्या आल्या, स्वातंत्र्यानंतर १९५९ आणि २००२ चे हज कमिटी कायदे झाले. १९५९ मध्येच रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी १० आणि १०० रुपयांच्या खास नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकाआधी ‘एचए’ ही अक्षरे असत आणि सौदी अरेबियात त्या बदलून मिळत. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना, मोगल लाईनच्या बोटी, डेकवरच्या पेट्या-वळकट्या आणि गोदीवर हार घेऊन आलेले गावचे लोक हे चित्र जुन्या पिढीच्या तोंडून आपण ऐकलेले आहे. ‘अकबरी’ या बोटीने १९९५ मध्ये हाजींची शेवटची फेरी केली आणि मुंबई-जेद्दाह हा समुद्रमार्ग हाजींसाठी बंद झाला.

त्याआधीच वाट उपनगराकडे वळली होती. १९८१ मध्ये अंधेरी पूर्वेकडील सहार या ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्तीच्या गावाशेजारी नवे आंतरराष्ट्रीय टर्मिनल सुरू झाले. कोकणातला तरुण कुवेतला किंवा सौदीला निघाला तो येथूनच, आणि हाजीही येथूनच. म्हसळा, श्रीवर्धन, दापोली, खेडचे लोक आधी मुंबईत आणि मग जोगेश्वरी, अंधेरी, कुर्ला, घाटकोपर, मुंब्रा येथे पसरले. १९९२-९३ च्या दंगलींनंतर हे स्थलांतर आणखी वाढले. १९९६ मध्ये बोरीबंदरजवळ हज हाऊस उभे राहिले. परंतु घरच्यांचा निरोप घेण्याची जागा गोदीऐवजी सहार झाली होती. आखातात काम करणाऱ्या मुलांमुळे या घरांत पासपोर्ट, व्हिसा, १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखालचा शिक्का हे शब्द रुळले. पण हे ज्ञान कमावत्या मुलाजवळ राहिले, आईजवळ आले नाही. २००९ पर्यंत हाजीला खास हज-पासवर जाता येत असे, तेव्हा ही उणीव झाकली गेली. त्या वर्षीपासून सौदी सरकारने प्रत्येकाला आंतरराष्ट्रीय पासपोर्ट आवश्यक केला आणि सत्तरीच्या आजीलाही जन्मतारीख, नावाचे स्पेलिंग, पत्त्याचा पुरावा शोधावा लागला. निकाहनाम्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे अशी आपल्या घरोघरी अवस्था. पुढे अंधेरी आणि मालाडला पासपोर्ट सेवा केंद्रे झाली. ऑफिस जवळ आले, कागद मात्र आपले आपल्यालाच जुळवावे लागतात.

विमानाच्या काळातही नियम आपत्तींनीच घडवले. १९८७ मध्ये हजच्या वेळी मेंदूज्वराची साथ आली, त्यानंतर लस बंधनकारक झाली. २०००-०१ मध्ये त्याच रोगाचा दुसरा प्रकार पसरला तेव्हा चार प्रकारांवर चालणारी लस आली. १९९७ मध्ये मिनाच्या तंबूंना लागलेल्या आगीत ३४३ हाजी मरण पावले, त्यांत आपल्या देशातले अनेक होते. त्यानंतर तंबू न जळणाऱ्या कापडाचे झाले आणि त्यांत गॅसवर स्वयंपाक करण्यास मनाई झाली. ‘एवढीशी लस कशाला’, ‘छोटा स्टोव्ह नेला तर काय बिघडते’ असे आपण सहज म्हणतो. पण प्रत्येक मनाईपाठीमागे कोणाचे ना कोणाचे जनाजे आहेत.

सर्वांत ताजा धडा २०२४ चा. त्या वर्षी मक्केत पारा ५० अंशांच्या पुढे गेला. सौदी सरकारच्या आकड्यानुसार १,३०१ माणसे मरण पावली आणि त्यांतील ८३ टक्के लोक हजच्या परवान्याशिवाय आलेले होते. परवाना नाही म्हणजे तंबू नाही, बस नाही, थंडावा नाही आणि पोलिसांच्या भीतीने दवाखान्याकडेही वळता येत नाही. दुसऱ्या व्हिसावर हज ‘करून देतो’ म्हणणारा माणूस आजही वस्तीत भेटतो. तो एकोणिसाव्या शतकातल्या त्या दलालाचाच वारस आहे. भारताचा कोटा २०२५ मध्ये १,७५,०२५ होता. कुर्‍ह्यात नाव न येणे दुःखाचे असते, हे आम्ही नाकारत नाही. परंतु ज्याचे नाव आले नाही त्याच्यावर त्या वर्षी गुन्हा नाही, आणि ज्याने आपला जीव जाणूनबुजून धोक्यात घातला त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न इमामसाहेबांनी जुम्याच्या बयानात विचारायला हवा.

स्त्रियांचा प्रश्न याहून निकडीचा आहे. २०१८ पासून ४५ वर्षांवरील स्त्रियांना महरमशिवाय, चौघींच्या किंवा त्याहून मोठ्या गटाने, हजला जाता येऊ लागले. त्याच वर्षी सरकारने हजची सबसिडीही बंद केली. महरमविषयी मसलकांमध्ये मतभेद आहेत आणि ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. पण जी स्त्री जाते, तिच्याजवळ स्वतःचे कागद वाचण्याइतकी माहिती असली पाहिजे, यावर तरी मतभेद नसावा. इमारतीचा क्रमांक, मक्तबचा क्रमांक, हातातल्या कड्यावरील मजकूर, मोबाईलमध्ये साठवलेला एक तरी नंबर तिला स्वतःला कळला पाहिजे.

यासाठी फार मोठ्या संस्थेची गरज नाही. बोरीवली, मुलुंड, घाटकोपर, जोगेश्वरी येथील मशिदींत आणि महिला मंडळांत शव्वालच्या आधीच चार रविवार याला द्यावेत, आणि मराठीतून द्यावेत. आपल्यातील कितीतरी घरांत नमाजच्या दुआ अरबीत, बोलणे कोकणी-मराठीत आणि वाचन मराठीत आहे. मनासिक शिकवावेतच, त्याबरोबर पासपोर्टची मुदत, सर्व कागदांवर एकच नाव, लशीचे कार्ड, रोजच्या गोळ्या आणि त्यांची डॉक्टरांची चिठ्ठी, हेही शिकवावे. घरच्या मसाल्यात खसखस घातलेली असेल तर तो डबा येथेच ठेवावा, कारण आपली साधी खसखस सौदीत अमली पदार्थांत मोजली जाते. कहासुना माफ करून घ्यायला आपण दारोदार जातोच. त्याच फेरीत हे कागदही कोणा जाणत्याकडून तपासून घ्यावेत आणि हाजीने ते स्वतः वाचून पाहावेत.