शिदोरी, डबा आणि पाकीट

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ट्रस्टच्या वाटचालीबरोबर समाजाच्या स्वयंपाकघराचाही इतिहास नोंदला जावा, हे उचितच होय. मंदिराच्या प्रतिष्ठेची तिथी शिलालेखावर कोरलेली असते, देणगीदारांची नावे संगमरवरावर असतात. परंतु घरातील चुलीवर काय शिजले, ते कोणी शिजवले आणि पुढे ते बाजारातून कधी येऊ लागले, याची नोंद कोणीही ठेवलेली नसते. वस्तुतः जैन समाजाचा आचार जितका देरासरात जपला गेला तितकाच, किंबहुना काकणभर अधिक, तो स्वयंपाकघरात जपला गेला आहे.

अर्नाळा आणि आगाशी हा पट्टा टिकाऊ अन्नाला नवखा नाही. आगाशीची सुकेळी प्रसिद्ध आहेत. राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्याच सुक्या पानांत बांधली जातात. समुद्राकाठी कोळी बांधव मासळी सुकवतात. ज्याचा त्याचा आहार वेगळा. परंतु पावसाळ्याचे चार महिने कसे निभवावयाचे, हा प्रश्न सर्वांनाच सारखा होता. व्यापारानिमित्त या किनाऱ्यावर स्थिरावलेल्या जैन कुटुंबांनी आपल्याबरोबर आणलेले उत्तर म्हणजे खाखरा, ठेपला, सुखडी आणि सुकवणीच्या वस्तू. तेव्हा ‘तयार अन्न’ ही गेल्या दोन पिढ्यांनी आणलेली रीत आहे, असे जे सरसकट बोलले जाते, ते अर्धेच खरे आहे.

फरक होता तो मुदतीचा. श्वेतांबर परंपरेत मिठाई, खाखरे यांसारख्या पदार्थांना ऋतुमानाप्रमाणे काळमर्यादा ठरलेली आहे : कार्तिक पौर्णिमेपासून फाल्गुन शुद्ध चतुर्दशीपर्यंत ३० दिवस, तेथून आषाढ शुद्ध चतुर्दशीपर्यंत २० दिवस आणि पुढे चातुर्मासात १५ दिवस. पोळी, भात, भाजी यांसारखे ओलसर अन्न तर रात्र उलटली की वासी, म्हणजे अभक्ष्यच. कच्च्या दह्याशी कडधान्याचा संयोग झाला की द्विदलाचा दोष. हवेतील दमटपणा वाढला की अन्नात जीवोत्पत्ती लवकर होते, हे निरीक्षण या नियमांमागे आहे, आणि अर्नाळ्याच्या खाऱ्या, दमट हवेत त्याचा प्रत्यय प्रत्येक गृहिणीला येत असे. डब्यावर चिठ्ठी नसे, तारीख तिच्या ध्यानात असे.

घराबाहेरचे अन्न समाजाने सर्वस्वी वर्ज्य मानले होते, असेही नाही. यात्रेकरूच्या शिदोरीला गुजरातीत ‘भाथुं’ म्हणतात. पालिताणा येथे शत्रुंजयाची यात्रा करून खाली उतरणाऱ्या यात्रेकरूंना तळाशी भाथुं देण्याची प्रथा सुविदित आहे. आगाशीचे श्री मुनिसुव्रतस्वामींचे तीर्थ, ज्याच्याशी मुंबईचे शेठ मोतीशा यांचे नाव परंपरेने जोडले जाते, हेही यात्रेकरूंचे स्थान. चैत्र आणि आश्विन महिन्यांतील ओळीच्या नऊ दिवसांत आयंबीलशाळेत जे अन्न शिजते, ते घरचे नसते. तरी दूध, दही, तूप, तेल, गूळ यांविना रांधलेल्या त्या अन्नाहून शुद्ध अन्न कोणते सांगावे? तेव्हा घरचे की बाहेरचे, एवढ्याच कसोटीवर जैन समाजाने अन्नाची पारख कधी केली नाही. कोणी केले, केव्हा केले, कोणत्या पाण्याने केले आणि केव्हा खाल्ले, या प्रश्नांना अधिक मोल होते.

यातील शेवटचा प्रश्न रेल्वेने बिकट केला. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली, आणि १९३६ मध्ये विद्युत गाड्या विरारपर्यंत धावू लागल्या. कापड, किराणा, धातू, हिरे अशा पेढ्यांवर रोज जाऊन येणे शक्य झाले. दुपारच्या जेवणाचा मार्ग मुंबईने आधीच शोधला होता. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली डबे पोहोचविण्याची व्यवस्था ही एका अर्थी घरच्या अन्नाची बाजारावर झालेली मातच म्हणावी लागेल. माणूस शहरात, पण जेवण स्वतःच्या घरचे.

संध्याकाळचे काय? या किनाऱ्यावर नोव्हेंबरअखेर सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेर सव्वासातनंतर. चौविहार पाळणारा श्रावक सूर्यास्तानंतर अन्न-पाणी घेत नाही. कित्येकजण तर सूर्यास्तापूर्वी दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटे, आधीच आटोपतात. हिवाळ्यात हे जेवण सव्वापाचलाच व्हावयास हवे, आणि त्या वेळी पेढीवर गिऱ्हाईक असते. पुढे चर्चगेटपासून विरारपर्यंत साठ किलोमीटरचा प्रवास, तेथून बसने आगाशीमार्गे अर्नाळा. घरी ताट वाढलेले असले तरी ते व्रतीच्या उपयोगाचे नाही. व्रत मोडावयाचे, उपाशी राहावयाचे, की बाहेर खावयाचे, असा हा तिढा होता.

तो सोडविण्यासाठी मुंबईच्या बाजारपेठांतून चौविहारगृहे निघाली. सूर्यास्तापूर्वी, कंदमुळाविना केलेले साधे जेवण माफक दरात व्यापारी आणि नोकरदार साधर्मिकांना तेथे मिळू लागले. मुळजी जेठा मार्केटसारख्या कापडबाजारात गाठी, गज आणि हिशेबाच्या वह्या यांमध्ये वावरणाऱ्या माणसाने पाच वाजता उठून पंगतीस बसावे, पंधरा मिनिटांत पाणी चुकवून पुन्हा गादीवर यावे, हा शिरस्ताच झाला. घरचे अन्न निष्ठेने मानणाऱ्या समाजात रोजच्या बाहेरच्या जेवणाला मान्यता मिळाली, ती अशी धर्माच्याच कारणाने. जिभेच्या हौसेने नव्हे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. जुन्या आहारशुद्धीचे गोडवे गाताना तिचे ओझे कोणाच्या शिरावर होते, हे स्मरणिकांतून सहसा लिहिले जात नाही. पहाटे पाणी गाळून उकळावे, पीठ चाळावे, धान्य निवडावे, भाजी जीवजंतू पाहून चिरावी, खाखरे मंद आचेवर दाबून शेकावेत आणि दिवस मावळण्याआधी सर्व आवरावे. नियम सर्वांचे होते, श्रम स्त्रियांचे. म्हणूनच खाखरा विकत मिळू लागला तेव्हा त्याला पहिला विरोध घरातील पुरुषांनी केला असल्यास नवल वाटावयास नको.

हे श्रम बाजारात किती मोलाचे आहेत, ते गिरगावातील सात गुजराती भगिनींनी दाखवून दिले. १५ मार्च १९५९ रोजी, छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून ८० रुपये उसने घेऊन, लोहाणा निवासाच्या गच्चीवर त्यांनी पापड लाटण्यास प्रारंभ केला. पहिल्या दिवशी चार पुडकी झाली. तीच पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था झाली, आणि त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. खाखऱ्यांचे गृहउद्योगही याच वाटेने वाढले. हात घरचाच राहिला, घर मात्र दुसऱ्याचे.

पाकिटाचे युग त्यानंतरचे. पुण्यात १९६३ मध्ये ‘गिट्स’ची तयार पिठे निघाली; १९८३ मध्ये ‘मॅगी’ भारतात आली. मुलांच्या हट्टापुढे कित्येक घरांतील नियम शिथिल झाले, हे मान्य करावयास हरकत नाही. या शतकाच्या प्रारंभी पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका अनिवार्य झाला, तेव्हा पुष्कळांना हायसे वाटले. परंतु तो ठिपका बटाट्याच्या वेफरवरही असतो आणि लसणाच्या चटणीवरही. कंदमुळाविषयी तो काही सांगत नाही, काळमर्यादेविषयी तर नाहीच. कायद्याने छापलेली मुदत कित्येक महिन्यांची, परंपरेची मुदत चातुर्मासात पंधरा दिवसांची. तेव्हा चोखंदळ श्राविका पाकिटावर शेवटची तारीख न पाहता उत्पादनाची तारीख पाहते व पुढचे गणित स्वतः करते. उपाहारगृहांनीही ‘जैन’ हा शब्द उचलला. जैन पावभाजीत बटाट्याच्या जागी कच्चे केळे आले, आणि केळीसाठी नावाजलेल्या वसई तालुक्यातील रहिवाशांनी ती पावभाजी मुंबईत जाऊन कौतुकाने खावी, यातील गंमत नजरेआड होऊ नये.

अशा रीतीने सामग्रीचा नियम पाकिटाने पाळला, वेळेचा चौविहारगृहाने सांभाळला, मुदतीचाही हिशेब बसला. तथापि एका ठिकाणी बाजाराचे अन्न थिटे पडले, ते म्हणजे गोचरी. साधू-साध्वींना त्यांच्यासाठी रांधलेले अन्न चालत नाही, तो आधाकर्मी दोष. त्यांच्यासाठी विकत आणलेले चालत नाही, तो क्रीत दोष. त्यांच्यासाठी समोर आणून दिलेले चालत नाही, तो अभ्याहृत दोष. गोचरीच्या ४२ दोषांतील हे तीन एकत्र वाचले तर ध्यानात येते की, साधुजीवनाचा सारा आधार गृहस्थाने स्वतःच्या कुटुंबासाठी पेटविलेल्या चुलीवर आहे. पायी विहार करीत येणाऱ्या साध्वीजींनी ‘धर्मलाभ’ म्हणून दार गाठावे आणि आत फक्त पाकिटे असावीत, तर त्या काय वहोरणार? कोरडा खाखरा वहोरता येईल. परंतु उकळलेले पाणी, ताजी पोळी आणि डाळ बाजारातून आणून हा प्रश्न सुटत नाही. शहरात घरे पुष्कळ असतात. गावात जैन घरे मोजकी असली, आणि त्यांतील निम्म्यांना दिवसा कुलूप असले, तर अडचण उघड आहे. ‘आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे’ अशी पाळी लावून स्वयंपाक करावा तर तो त्यांच्याच उद्देशाने केलेला ठरतो.

मार्च २०२० मध्ये लोकल गाड्या थांबल्या, तेव्हा मुंबईस जाणारी माणसे महिनोन्‌महिने घरीच राहिली आणि वर्षानुवर्षे सुट्टीखेरीज न साधलेला चौविहार घरच्या ताटावर साधू लागला. पुढे गाड्या सुरू झाल्या आणि जुना क्रम परत आला. गोचरीचा प्रश्न मात्र पुष्कळ घरांत ज्या डब्यामुळे सुटला, तो आजही पहाटेच भरला जातो. जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या आसपास, नवकारशी त्यानंतर ४८ मिनिटांनी. तोपर्यंत डबा घेऊन जाणारा विरारच्या फलाटावरून केव्हाच पुढे गेलेला असतो. आणि त्याच्यासाठी लाटलेल्या पोळ्यांपैकी दोन-तीन पोळ्या, कोणासाठीही वेगळ्या न केलेल्या, घरच्या डब्यात झाकून ठेवलेल्या असतात.