गिटार हातात घेण्याआधी

बारा-पंधरा गिटारवाले गोल करून बसलेत. प्रत्येकाला एका वेळी एकच सूर वाजवायचाय. एकाने वाजवला की शेजारच्याने, मग त्याच्या शेजारच्याने. कुठला सूर ते ठरलेलं नाही, पण तो वेळेवर यायला हवा आणि आधीच्यांशी त्याचं काहीतरी नातं हवं. म्हणजे सगळ्यांचं ऐकायचं आणि आपली पाळी आली की एकदाच बोलायचं. नेटवर्कवाल्या मंडळींना टोकन रिंग आठवली असेल :-)

या प्रकाराला 'सर्क्युलेशन' म्हणतात. रॉबर्ट फ्रिपच्या 'गिटार क्राफ्ट' शिबिरांत तो रुजला. पहिलं शिबिर मार्च १९८५ मध्ये अमेरिकेत, वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लेमाँटला झालं. फ्रिप म्हणजे 'किंग क्रिम्सन'चा गिटारिस्ट, विजेच्या वेगाने बोटं चालणारा माणूस. त्याने लोकांना एकेक सूर वाजवायला लावावं? शिवाय गिटार बाजूला ठेवून हात-पाय हलवायचे, मोजायचं, अलेक्झांडर टेक्निकने नीट बसायला शिकायचं. रॉकवाल्याला उतारवयात सुचलेलं अध्यात्म म्हणून सोडून देता आलं असतं. पण तेव्हा तो चाळिशीचाही नव्हता, आणि मुळं शोधत गेलं की थेट जिनिव्यातल्या एका वर्गात पोचायला होतं.

एमिल जाक-दालक्रोझ हा १८९२ पासून जिनिव्याच्या संगीतशाळेत हार्मनी शिकवायचा. त्याची अडचण मोठी मजेशीर होती. पोरं कागदावर हार्मनीची गणितं बरोबर सोडवायची, पण लिहिलेलं त्यांना कानात ऐकूच यायचं नाही. लय तर त्याहून वाईट. (आपल्याकडे हातावर टाळी-खाली देऊन ताल मोजत शिकलेल्यांना हे विचित्र वाटेल.) मग त्याने त्यांना चालायला लावलं. पाय एक लय धरणार, हात दुसरी. यातून त्याची पद्धत तयार झाली आणि तिचे तीन भाग ठरले: शरीराची लय, स्वरज्ञान आणि इम्प्रोव्हायझेशन. तिसरा भाग महत्त्वाचा. हालचाल आणि उत्स्फूर्त वादन ही जोडी फ्रिपच्या कितीतरी आधी जमली होती.

अनवाणी पाय आणि उघडे दंड बघून जिनिव्यातले सभ्य लोक बिथरले. दालक्रोझला खरी जागा मिळाली ती जर्मनीत. १९११ मध्ये ड्रेस्डेनजवळ हेलेराऊला त्याच्यासाठी संस्थाच उभी राहिली. १९१४ ला महायुद्ध पेटलं, जर्मन तोफांनी रॅंसच्या कॅथेड्रलवर मारा केला, त्या निषेधपत्रावर याने सही केली आणि जर्मनीचं दार बंद झालं. १९१५ पासून पुन्हा जिनिव्हा. असो.

हेलेराऊची एक विद्यार्थिनी पुढे जान द साल्झमन म्हणून ओळखली गेली. १९१९ मध्ये तिफ्लिसमध्ये (म्हणजे आजचं तिबिलिसी) ती नृत्य शिकवत होती. तिथे तिला गुर्जिएफ भेटला. त्याच्या 'मूव्हमेंट्स'चं पहिलं जाहीर सादरीकरण त्याच वर्षी तिच्या विद्यार्थिनींनी केलं. डोकं, हात, पाय प्रत्येकाची मोजणी वेगळी. लक्ष जरा ढळलं की सगळं कोसळतं. पुण्यातल्या वाचकांना सांगायला हवं की कोरेगाव पार्कातल्या ओशो आश्रमातही या हालचाली शिकवल्या गेल्यात. गुर्जिएफच्या विश्वरचनेच्या गप्पा मला पचत नाहीत, आणि गुरूभोवती कोंडाळं करणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. पण मूव्हमेंट्सकडे निव्वळ कवायत म्हणून बघितलं तरी त्या भलत्याच अवघड आहेत.

गुर्जिएफचा शिष्य जे. जी. बेनेट. त्याने १९७१ मध्ये इंग्लंडात शेरबोर्नला शाळा काढली. १९७४ मध्ये फ्रिपने किंग क्रिम्सन मोडलं आणि १९७५-७६ मध्ये तो तिथे दहा महिने राहिला. बेनेट तोवर वारला होता. क्लेमाँट हीसुद्धा बेनेटच्या शिष्यांचीच जागा. तर अशी ही साखळी.

फ्रिपची स्वतःची भर म्हणजे नवं ट्यूनिंग. जाड तारेपासून सी, जी, डी, ए, ई, जी. शेवटची तार सोडली तर सगळी अंतरं सा-प ची. परिणाम? वीस वर्षं वाजवणाऱ्याच्याही बोटांना पाठ असलेले कॉर्ड्स एका क्षणात निकामी! जुना कोड चालतच नाही, सगळे पहिल्या इयत्तेत. मला ही चाल सगळ्यांत हुशार वाटते. इम्प्रोव्हायझेशनच्या नावाखाली आपण बहुतेक वेळा हाताला सवयीचं तेच वाजवतो. सवयच काढून घेतली की ऐकण्यावाचून गत्यंतर नाही.

हालचालींचाही उपयोग तोच. उजव्या हाताने पाचाची आवर्तनं धरा, पायाने साताची, आणि तोंडाने मित्राशी बोलत राहा. दोन्ही सम पुन्हा एकत्र येतात पस्तिसाव्या मात्रेनंतर. लिफ्टची वाट बघताना जरूर करून बघा. मी करतो, लोक बघतात, बघू देत.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. सगळे शिस्तीत गोल बसले की एखाद्या बंडखोर वादकाचा जीव गुदमरणारच. पण याच गोलातून आलेला ट्रे गन १९९४ मध्ये खुद्द किंग क्रिम्सनमध्ये गेला. गिटार क्राफ्ट २०१० मध्ये पंचवीस वर्षं पूर्ण झाल्यावर औपचारिकपणे थांबवलं. काम 'गिटार सर्कल' नावाने चालू राहिलं. शिबिरात भेटलेल्या तिघांनी १९९१ मध्ये 'कॅलिफोर्निया गिटार ट्रिओ' काढला. बाखची रचना ते तिघांत एकेक सूर वाटून वाजवतात. डोळे मिटून ऐका, आणि कुठला सूर कुणाचा ते ओळखायचा प्रयत्न करा.