चार पौंडांची मर्यादा

वेतनाला वरची मर्यादा घातली की सबळ-दुर्बळांतील भेद आपोआप मिटतो, असे आपणांस सहज वाटते. इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलचा इतिहास या समजुतीची चांगली परीक्षा घेतो.

1901 साली तेथील फुटबॉल असोसिएशनचा नियम अमलात आला : कोणत्याही खेळाडूस आठवड्याला 4 पौंडांहून अधिक वेतन द्यायचे नाही. श्रीमंत क्लबांनी सारे उत्तम खेळाडू आपल्याकडे ओढू नयेत, हा त्यामागील हेतू. तो वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु खेळाडूस कोणी विचारले नव्हते, आणि क्लबच्या संमतीवाचून दुसऱ्या क्लबात जाण्याची मोकळीकही त्याला नव्हती.

शिवाय त्याची कमाई थोड्या वर्षांची. एक गुडघा निकामी झाला की संपली. जायबंदी खेळाडू हा कायद्याने कामगार ठरतो आणि त्याला नुकसानभरपाई मिळू शकते, हे ठरण्यासाठीदेखील वॉकर विरुद्ध क्रिस्टल पॅलेस हा खटला व्हावा लागला. अशा माणसाने अंगात बळ आहे तोवर चार पैसे जोडू पाहिले, तर त्यात नवल ते काय?

मग पैशाने मागची वाट धरली. 1906 साली मँचेस्टर सिटीचे गुप्त व्यवहार उघडकीस आले व 17 खेळाडूंवर बंदी आली. त्यांपैकी बिली मेरेडिथ याने पुढाकार घेतला आणि 1907 साली मँचेस्टर येथे खेळाडूंची संघटना उभी राहिली. पुढे 1957 साली संडरलंड क्लबाला 5000 पौंड दंड झाला. मैदानावर पसरायच्या पेंढ्याची बिले फुगवून खेळाडूंना द्यायचा पैसा तेथे बाजूला काढला जात होता!

अखेर जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली संघटनेने संपाचा इशारा दिला आणि जानेवारी 1961 मध्ये, तोवर 20 पौंडांवर गेलेली ही मर्यादा रद्द झाली. लवकरच फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला 100 पौंड मिळू लागले. 1963 साली जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी क्लबबंधनाचा नियमही अन्याय्य ठरविला.

साठ वर्षे नियम कागदावर होता आणि व्यवहार पेंढ्याखाली. समतेचा नियम करावा, अवश्य करावा. मात्र ज्याच्या घामावर तो लागू व्हायचा, त्याला आधी बैठकीत बसवावे. एवढे केले नाही, तर प्रामाणिक माणसालाही आपण चोरवाट दाखवतो.