‘डीटूर’: धुक्याआड दडवलेले दारिद्र्य

हॉलिवुडच्या स्टुडिओ युगात एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची प्रथा होती. त्यातील दुय्यम, कमी खर्चाचा तो ‘बी’ चित्रपट. असे चित्रपट काढणाऱ्या कंपन्यांत ‘प्रोड्युसर्स रिलीझिंग कॉर्पोरेशन’ अगदी तळाला होती. तिचा १९४५ मधील ‘डीटूर’ हा अवघ्या ६८ मिनिटांचा गुन्हेपट आज मात्र ‘फिल्म न्वार’ प्रकारातील महत्त्वाची कृती मानला जातो.

दिग्दर्शक एडगर अल्मर यांचा जन्म १९०४ मध्ये मोराव्हियात झाला. ‘युनिव्हर्सल’साठी त्यांनी केलेला ‘द ब्लॅक कॅट’ (१९३४) यशस्वी ठरला. पण स्टुडिओप्रमुखांच्या नातलगाच्या पत्नीशी प्रेम जुळल्याने मोठ्या स्टुडिओंची दारे त्यांना बंद झाली.

मार्टिन गोल्डस्मिथ यांच्या १९३९ मधील कादंबरीवर बेतलेल्या या चित्रपटाचा नायक अ‍ॅल (टॉम नील) हा न्यूयॉर्कमधील पियानोवादक. प्रेयसीला भेटण्यासाठी तो लोकांच्या मोटारींतून फुकट प्रवास करीत लॉस एंजेलिसकडे निघतो. वाटेत मोटारीचा मालक मरण पावतो. आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, या भीतीने अ‍ॅल त्याचे पैसे, कपडे आणि नावही घेतो. पुढे तो व्हेराला (अ‍ॅन सॅव्हेज) मोटारीत घेतो. नेमकी ती खऱ्या मालकाला ओळखणारी निघते!

सारी कहाणी अ‍ॅलच्याच तोंडून कळते. दोन्ही मृत्यूंचा दोष तो नशिबाला देतो. पण या निवेदनात सोयीस्कर असे बरेच काही आहे. हा दुर्दैवी माणूस की सफाईदार बतावणी करणारा गुन्हेगार, याचा निवाडा चित्रपट करीत नाही. त्याचे खरे बळ इथेच आहे.

तंगी पदोपदी जाणवते. न्यूयॉर्कचा रस्ता उभारण्याऐवजी पडद्यावर धुके सोडले आहे. प्रवासाची दिशा सुसंगत दिसावी म्हणून काही दृश्ये उलटी छापली गेली, असे सांगितले जाते; परिणामी अमेरिकी मोटारींची चाके उजव्या हाताला दिसतात.

चित्रीकरण सहा दिवसांत उरकले, असे अल्मर सांगत. ही आख्यायिका वर्षानुवर्षे छापली गेली. अभ्यासकांनी कागदपत्रे तपासली तेव्हा दिवस त्याहून पुष्कळ अधिक आणि खर्च लाख डॉलरच्या पुढे गेल्याचे आढळले. नायकाप्रमाणे दिग्दर्शकाचे निवेदनही पारखूनच घ्यावे लागते, हा योगायोग गमतीचा.

नील यांच्या आयुष्यातील योगायोग मात्र भीषण होता. पत्नीच्या गोळी लागून झालेल्या मृत्यूप्रकरणी १९६५ मध्ये ते सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरले आणि त्यांनी तुरुंगवास भोगला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत ‘डीटूर’चा समावेश १९९२ मध्ये झाला. स्वामित्वहक्क संपल्याने त्याच्या निकृष्ट प्रती सर्वत्र फिरत होत्या. अखेर बेल्जियममध्ये जपलेल्या प्रतीच्या आधारे, तिच्यावरील उपशीर्षके पुसून, २०१८ मध्ये त्याचे पुनरुज्जीवन करण्यात आले.