खुशाली, पोस्त आणि टिप : जहाजावरच्या जेवणघराचा इतिहास कसा शोधायचा

ऊसतोड मजुराला पैसे किती जण देतात? आमच्या नेकनूर-केज पट्ट्यात हा प्रश्न कुणालाही विचारा. पहिलं उत्तर येईल, मुकादम. तो दिवाळीच्या आधी उचल देतो आणि टनाच्या दराने ती फेडून घेतो. जरा थांबलात की दुसरं उत्तर येतं : ज्याचा ऊस तोडायचा तो शेतकरी ‘खुशाली’ देतो. नाव खुशाली, पण न दिली तर टोळी फडात कधी येईल याचा नेम नाही. तिसरं म्हणजे वाढे. उसाचे हिरवे शेंडे बैलांना घालून उरले तर विकायचे, त्याचे चार पैसे हाती येतात. या तिन्हींपैकी कारखान्याच्या हिशेबवहीत फक्त पहिला पैसा सापडेल. उद्या कुणी तेवढ्या वह्या वाचून ‘ऊसतोड मजुरांचे उत्पन्न’ असा प्रबंध लिहिला, तर मजूर त्याला हसतील.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की समुद्रावरच्या कामगारांविषयी वाचताना मला हाच पेच पुन्हा भेटला. नेकनूरपासून समुद्र लांब. १९४८ पर्यंत तर आमचा मुलूख निजामाकडे होता, मुंबईच्या गोदीशी त्याचा थेट संबंध नव्हता. पण इंग्रजी प्रवासी जहाजांवरच्या जेवणघरात वाढणारा गोव्याचा माणूस आणि फडातला बीडचा माणूस यांच्यात एक गोष्ट सारखी आहे : दोघांचंही उत्पन्न अर्धं मालकाकडून आणि अर्धं तिसऱ्याच माणसाकडून येतं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना या ‘तिसऱ्या माणसा’कडे बघायची सवय लागावी, म्हणून हा लेख.

आधी जहाजावर कोण काय करायचं ते बघू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या जहाजांवर हिंदी कामगारांचे तीन तट असत. डेकवर सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल आणि मग खलाशी. यांत रत्नागिरीकडचे आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे लोक बरेच. खाली इंजिनात कोळसा टाकणारे आगवाले, मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर पुष्कळदा पंजाब आणि सरहद्दीकडचे मुसलमान. आणि तिसरा तट ‘सलून’चा, म्हणजे जेवणघर, पॅन्ट्री आणि केबिनचा. इथे गोव्याचे ख्रिस्ती. त्यांच्यातला वरचा माणूस बटलर, मग पॅन्ट्रीमन, आणि टेबलाशी किंवा केबिनीत सेवा करणारे, ज्यांना करारपत्रात ‘जनरल सर्व्हंट’ म्हटलेलं असे. खलाशांचं जेवण रांधणारा भंडारी आणि सफाई करणारा टोपास हे आणखी वेगळे. चीफ स्टुअर्ड आणि पर्सर मात्र गोरे. जातिव्यवस्था आपण गावातच सोडून येतो असं कुणाला वाटत असेल तर त्याने एकदा जहाजाची नोकरयादी वाचावी. कोण कुणाच्या हातचं खातो, कोण कुठे झोपतो, सगळं ठरलेलं.

सलूनमध्ये गोवेकरच का? सर्रास दिलं जाणारं उत्तर असं की गोमांस, डुकराचं मांस आणि दारू वाढायला त्यांना धर्माची आड नव्हती. उत्तर खोटं नाही, पण मला अपुरं वाटतं. आड नसणारे ख्रिस्ती वसईतही होते. मग बार्देश आणि सासष्टीच्या ठराविक गावांतूनच माणसं का येत राहिली? इथे मुंबईतल्या ‘कूड’ उपयोगी पडतात. धोबीतलाव, माझगाव भागात गोव्याच्या एकेका गावाच्या नावाने चालणारी ही वसतिस्थानं. बोटीवरून उतरलेला माणूस पुढचं जहाज मिळेपर्यंत इथे ट्रंक ठेवून राहायचा, संध्याकाळी सगळ्यांबरोबर रोझरी म्हणायचा, आणि कोणत्या जहाजावर कोणता बटलर माणसं घेतोय ही बातमीही इथेच मिळायची. भरती धर्म बघून होत होती, त्याहून जास्त गाव बघून होत होती. आपल्याकडे मुकादम टोळी बांधताना वेगळं काय करतो?

गोव्यातून हे लोक बाहेर का पडले, त्यालाही इतिहास आहे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर गोव्याच्या अर्थकारणाला धक्का बसला आणि ब्रिटिश मुलखाकडे जाणाऱ्यांची संख्या वाढली. त्याआधी १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्यामुळे मुंबईहून प्रवासी वाहतूक फुगलेलीच होती. गंमत म्हणजे हे पोर्तुगीज प्रजाजन, पण जहाजावर चढताना हिंदी खलाशांच्याच करारावर सही करत. तो करार म्हणजे स्वस्त मजुरीचा दस्तऐवज. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर हिंदी खलाशाचा पगार ब्रिटिश खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतका होता. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच हिंदी खलाशांनी पगारासाठी संप केले ते यामुळेच.

आता मुद्द्याचं. या पगारावर जेवणघरातला माणूस घर चालवत होता का? नाही, प्रवाशाच्या बक्षिसीवरही चालवत होता. आणि ती बक्षिसी कुठल्याही सरकारी कागदात नाही.

कागद भरपूर आहेत, हे लक्षात घ्या. मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. पी अँड ओ कंपनीचे कागद ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहेत. ब्रिटिश जहाजांच्या नोकरयाद्यांचा प्रचंड साठा कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात गेला आहे. त्यांतून पगार, आगाऊ रक्कम, घरी पाठवायची रक्कम, दंड, वर्तणुकीचा शेरा हे सारं मिळतं. बक्षिसी मिळत नाही, कारण ती कंपनीच्या तिजोरीतून गेलेलीच नाही. ज्याने पैसे दिले नाहीत तो नोंद कशाला करील?

मग शोधायचं कुठे? एक जागा म्हणजे प्रवाशांसाठी छापलेली मार्गदर्शक पुस्तकं. प्रवास संपताना कुणाला किती द्यावं हा त्या काळच्या प्रवाशाच्या डोक्याला मोठा घोर होता. पण इथे सावध राहा. ‘किती द्यावं’ असं छापलेलं म्हणजे ‘किती दिलं’ असं नव्हे, हा फरक प्रस्तावात एका वाक्यात नोंदवला तरी परीक्षकाला बरं वाटतं.

दुसरी जागा भरतीतली लाच. १९२९ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१ च्या अहवालात खलाशांच्या भरतीतल्या लाचखोरीची दखल घेतली. त्याच्या आधी, १९२० मध्ये, जिनोआत आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने खलाशांना नोकरी मिळवून देण्याचा धंदा नफ्यासाठी चालवू नये असा करारच केला होता. आता एखाद्याच्या मनात लगेच येईल : कमी पगाराच्या जागेसाठी लोक लाच देतात, म्हणजे त्या जागेवर टिप भरपूर असणार. युक्तिवाद देखणा आहे, पण टिकत नाही. डेकचे खलाशी आणि आगवालेही लाच देत होते, त्यांना कोण प्रवासी टिप देणार? लाचेवरून एवढंच सिद्ध होतं की जागा थोड्या आणि माणसं फार. टिपविषयी बोलायचं तर एकाच तटातल्या दोन जागांची तुलना हवी : टेबलाशी उभा राहणारा आणि पॅन्ट्रीत बशा धुणारा. दोघांचा पगार जवळपास सारखा असून सगळ्यांना टेबलच हवं असेल, तर पगाराच्या पलीकडे तिथे काहीतरी आहे. प्रवाशाच्या नजरेसमोर असणं हीच मिळकत. स्वयंपाक करणाऱ्याचं कौतुक होतं, नोट मात्र वाढणाऱ्याच्या हातात पडते. त्यातलं किती मागे आत पोचतं, यावरून जहाजावर जी भांडणं होत असतील त्यांची कल्पना कुठल्याही खानावळीत काम केलेल्याला येईल.

तिसरी जागा मला सगळ्यात मोलाची वाटते, ती म्हणजे न्यायालय. माणूस जिवंत असेपर्यंत त्याची टिप कुणी मोजत नाही, पण तो मेला की मोजावी लागते. १९०८ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे ‘पेन विरुद्ध स्पायर्स अँड पाँड’ हा खटला आला. रेल्वेच्या भोजन-डब्यातल्या वेटरचा हा मामला होता. नुकसानभरपाई उत्पन्नावर ठरायची, मग प्रवासी देत होते ती टिप उत्पन्नात धरायची की नाही? न्यायालय म्हणालं, धरायची. देणं उघड आणि रूढ असेल, मालकाला ते ठाऊक असेल, तर ती कमाईच. (हीच स्पायर्स अँड पाँड कंपनी १८६१-६२ मध्ये इंग्लंडचा पहिला क्रिकेट संघ ऑस्ट्रेलियाला घेऊन गेली होती. विषयाशी संबंध नाही, पण राहवलं नाही.) भारतात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानेही मजुरीच्या व्याख्येत पैशात मोजता येणारे लाभ घेतले. एका शब्दाची व्याख्या बदलली की विधवेला मिळणारी रक्कम बदलते. पगार की बक्षीस हा वाद त्यामुळे मला कधीच शब्दांचा खेळ वाटला नाही. फडात साप चावून मजूर दगावला तर त्याचं उत्पन्न किती धरायचं, खुशालीसह की खुशालीविना, हा त्याच जातीचा प्रश्न आहे.

मराठीत या देण्याघेण्याला शब्द पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची छटा वेगळी. बक्षीस मर्जीवर. इनाम वरून खाली. दस्तुरी ठरलेली, जवळजवळ वसुलीच. दिवाळीची पोस्त वर्षातून एकदा, पण न दिली तर मालकाचीच अब्रू जाते. बलुतं तर हक्कच. बलुतेदाराला त्याचं धान्य ‘बक्षीस’ म्हणून दिलं तर ते त्याला अपमानाचं वाटलं असतं. इंग्रजी टिप यांतल्या कोणत्या खणात बसते? माझं मत असं, की ती बक्षीस म्हणून मागितली जाते, पोस्त म्हणून दिली जाते आणि मालक तिला बलुत्यासारखी गृहीत धरून पगार कमी ठेवतो. अमेरिकेत पुलमन कंपनीच्या रेल्वेडब्यांतले काळे पोर्टर याच गणितात अडकले होते. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी संघटना केली, आणि कंपनीकडून करार मिळवायला १९३७ उजाडलं. टिपवर जगण्यात पोट भरण्याबरोबर हसत राहण्याची सक्तीही येते, आणि तिच्याविरुद्धही ती लढाई होती.

आजची क्रूझ जहाजं बघा. मेत्र दोतेल, हेड वेटर, वेटर, असिस्टंट वेटर अशी उतरंड. पूर्वी प्रवाशाचं टेबल आणि वेटर पूर्ण सफरभर ठरलेले असत आणि शेवटच्या रात्री पाकिटं दिली जात. २००० च्या सुमारास नॉर्वेजियन कंपनीने कुठेही, केव्हाही जेवायची पद्धत आणली. ओळखीचा वेटरच उरला नाही, तेव्हा पाकीट कुणाच्या हातात ठेवणार? मग दर माणशी दर दिवशी ठराविक रक्कम बिलात आपोआप लागू लागली. ती आज अनेक जहाजांवर पंधरा ते वीस डॉलरच्या घरात असते आणि त्यातला वाटा आतल्या माणसांनाही जातो. नाव ‘सेवाशुल्क’. म्हणजे बक्षीस पुन्हा वहीत आलं, पण मालकाच्या वहीत. पूर्वी वेटरला निदान पाकीट उघडून रक्कम दिसायची.

२००२ मध्ये आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ आणि ‘वॉर ऑन वाँट’ यांनी या जहाजांवर ‘स्वेटशिप्स’ नावाचा अहवाल काढला, तो मिळवून वाचा. नोकरीसाठी एजंटाला पैसे भरणं, मग काही महिने ते कर्ज फेडणं, हे त्यात आहे. २००६ च्या सागरी श्रम कराराने नोकरीसाठी खलाशाकडून फी घेण्यास मनाई केली. तो २०१३ मध्ये लागू झाला, भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. तरी हॉटेल मॅनेजमेंट केलेल्या पोरांना ‘क्रूझवर लावतो’ म्हणून लाखाची मागणी करणारे आजही भेटतात. उचलीत मुकादम आधी देतो आणि मग फेडून घेतो. इथे पोरगा आधी देतो. दोन्हीकडे कामाच्या आधी कर्ज उभं राहतं, पण कर्ज कुणाकडून हा फरक मोठा आहे, आणि तुलना करताना तो पुसू नका.

मार्च २०२० मध्ये क्रूझ थांबल्या. मुंबईसमोर ‘मरेला डिस्कव्हरी’ जहाजावरचे भारतीय कर्मचारी दिवसेंदिवस अडकून होते, एप्रिलच्या अखेरीस त्यांना उतरवलं. त्या काळाच्या मुलाखती अजून घेता येतात, माणसं चाळिशीतही नाहीत. त्यांना ‘पगार किती होता’ असं विचारू नका, ते करारातला आकडा सांगतील. प्रवासी उतरून गेल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात घरी किती पैसे पाठवले आणि त्याच्या आदल्या महिन्यात किती, हे विचारा. बँकेच्या पासबुकात दोन्ही ओळी शेजारी शेजारी असतील.