टिपणातील चूक

1957 साली आयबीएम 704 या संगणकासाठी फोरट्रान भाषा आली, तेव्हा पहिल्या रकान्यात रोमन ‘सी’ असलेली ओळ कंपायलरने वगळावी असा नियम होता. ती ओळ माणसांसाठी होती. म्हणूनच तिच्यातील शुद्धलेखनाची चूक यंत्राने कधीच पकडली नाही. आज्ञेच्या नावातील चूक मात्र चिरंजीव ठरते. युनिक्समध्ये फाइल निर्माण करणाऱ्या ‘क्रिएट’ या फंक्शनच्या रोमन नावातील अखेरचे ‘ई’ गळाले ते गळालेच. आता ते जोडले, तर त्यावर विसंबलेले जुने प्रोग्राम मोडतील.

टिपणाला हे भय नाही. 1987 साली रिचर्ड स्टॉलमन यांनी प्रसिद्ध केलेल्या जीसीसी कंपायलरमध्ये, लेखनाधिकार असलेल्याला उघड मुद्रणदोष पूर्वमंजुरीविना सुधारता येतात. असे काम क्षुल्लक मानण्याची प्रथा आहे, आणि ती अन्यायाची आहे: चुकीची लिहिलेली संज्ञा शोध घेणाऱ्याला सापडतच नाही, आणि लाखो ओळींच्या संहितेत शोध हाच मुख्य आधार असतो.

मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसीचे अंतरंग विद्यार्थ्यांना उलगडून दाखवले. 2016 साली सुरू झालेल्या भिलाईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यालाही तीच संहिता खुली आहे. एखाद्या अक्षराच्या दुरुस्तीसाठी त्याला स्वामित्वहक्काचे कागदही भरावे लागत नाहीत.